धानी भिंत

धानी हा शब्द मराठी माणसाच्या कानावर येतो तो बहुधा लुगड्याच्या किंवा ओढणीच्या संदर्भात. हिंदीत धान म्हणजे साळ, भात. आणि कोवळ्या भाताच्या पात्यांचा जो फिकट, किंचित पिवळसर हिरवा रंग, तो धानी. छत्तीसगडला लोक धानाचा कटोरा म्हणतात, आणि त्या कटोऱ्याच्या मध्यभागी रायपूर वसले आहे. भाद्रपदात या शहराबाहेर कोणत्याही दिशेला पडावे, दृष्टी पोहोचेल तिथवर हाच रंग पसरलेला दिसतो. तेव्हा या गावातील माणसाने घराच्या आतल्या भिंतीलाही असाच एखादा फिकट हिरवा हात दिला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचे ऊन पेटले असता दार लोटून आत आलेल्या डोळ्यांना पांढरी भिंत खुपते आणि गडद भिंत अंधारी वाटते. फिकट हिरवी भिंत मात्र डोळ्यांना काहीच मागत नाही. ज्याला स्वतःचे असे फारसे मत नाही, जो चित्राशी, पलंगाशी, पडद्याशी, कुणाशीच भांडत नाही, असा हा रंग.

परंतु स्वभावाने इतक्या गरीब दिसणाऱ्या या रंगाचा इतिहास गरीब नाही. शेण आणि पाला यांपासून तो सुरू होतो, चुन्याच्या भट्टीतून जातो, एका शतकात तो प्रत्यक्ष विष होऊन घरात शिरतो, पुढे शस्त्रक्रियेच्या दालनात जाऊन तो रोग्यांचा मित्र ठरतो आणि अखेरीस डबाबंद होऊन बाजारात येतो. हा सारा प्रवास रायपूरच्या एखाद्या जुन्या घराच्या भिंतीतच वाचता येतो. अशा भिंतीचा पोपडा नखाने उचलला तर त्याखाली दुसरा रंग दिसतो, त्याखाली तिसरा, आणि अगदी तळाशी माती.

छत्तीसगडमध्ये भिंत रंगविण्याची परंपरा फार प्राचीन आहे. सरगुजा जिल्ह्यातील रामगड टेकडीवर जोगीमारा नावाची लहानशी गुंफा आहे. तिच्यात सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा वाराणसीचा देवदिन्न यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि छतावर इसवी सनापूर्वीच्या काळातील मानली जाणारी चित्रे आहेत. ही भारतातील अतिप्राचीन भित्तिचित्रांपैकी होत. त्यांत मुख्यतः तांबडा, पांढरा आणि काळा हे रंग दिसतात: तांबडा गेरूचा, काळा काजळीचा. हिरवा रंग पाहावयाचा तर अजिंठ्याला जावे लागते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत एक हिरवी माती सापडते. ती कुटून, धुऊन अजिंठ्याच्या चितारी मंडळींनी केळीची पाने आणि वृक्षांच्या गर्द सावल्या रंगविल्या. तिथला निळा रंग परदेशातून आलेल्या राजावर्त दगडाचा, परंतु हिरवा मात्र अस्सल देशी. मातीचा हा हिरवा रंग तेजस्वी नसतो. तो मुळातच मवाळ आणि राखी झाक असलेला असतो. आजच्या घरांत ज्याला सौम्य हिरवा म्हणून पसंती मिळते, त्याचा सर्वांत जुना पूर्वज तोच.

ज्या प्रदेशात ही हिरवी माती विकत मिळत नव्हती तिथे सामान्य माणसाने काय केले? त्याने, अधिक अचूक बोलावयाचे तर तिने, जे हाताशी होते ते वापरले. छत्तीसगडी खेड्यातील भिंत मातीची आणि ती राखण्याचे काम सर्वस्वी बायकांचे. ओटीला तिकडे परछी म्हणतात. परछी असो वा आतली खोली, वर्षातून एकदा तरी भिंतीला मातीचा आणि शेणाचा लेप द्यावयाचा, आणि तो वाळला की वरून छुहीचा हात फिरवावयाचा. छुही म्हणजे पांढरी मऊ माती. या मातीचे महत्त्व एवढे, की राजनांदगावच्या उत्तरेस असलेल्या एका संस्थानाचे आणि त्याच्या राजधानीचे नावच छुईखदान, म्हणजे छुहीची खाण, असे पडले. ज्या गावाने आपले नाव भिंतीच्या रंगावरून घेतले अशी उदाहरणे भूगोलात फार नसतील.

पावसाळ्यात या भिंतींवर चित्रे उमटतात. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे श्रावणातील अमावास्येला, म्हणजे मराठी पंचांगातील दिव्याच्या अवसेला, छत्तीसगडात हरेली साजरी होते. हरेली हा हिरवळीचा सण. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, विळा धुऊन पुजतो आणि घरातील स्त्री दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओल्या शेणाने आकृत्या काढते. या रेखाटनाला सवनाही म्हणतात. रोगराई आणि दृष्ट यांपासून घराचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू. पुढे गोकुळाष्टमीला 'आठे कन्हैया' ही आठ बाळकृष्णांची चित्रओळ भिंतीवर लिहिली जाते, आणि तिच्यात पानांचा वाटून काढलेला हिरवा रसही रंग म्हणून वापरतात. ओल्या शेणाचा हिरवट करडा आणि पाल्याचा फिकट हिरवा हे दोन रंग छत्तीसगडी भिंतीवरचे मूळचे हिरवे रंग. दोन्ही टिकत नाहीत. शेण वाळून मातकट होते, पाल्याचा रस उन्हाने विटतो. पण ते टिकावेत अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. भिंत ही एकदा रंगवून विसरावयाची वस्तू नसून दरवर्षी नव्याने करावयाची सेवा आहे, अशी ती समजूत होती.

या सेवेत किती सामर्थ्य दडलेले असू शकते हे सरगुजातील पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार यांनी दाखविले. वर्षानुवर्षे घराच्या चार भिंतींत एकाकी राहिलेल्या या स्त्रीने हाताशी असलेल्या मातीतून आपल्याच घराच्या भिंतींवर पक्षी, माणसे, जनावरे उभी केली. बांबूच्या कामट्यांवर माती लिंपून उन्हाचे कवडसे गाळणाऱ्या जाळ्या बांधल्या. आणि आसपासच्या खनिज व वनस्पती रंगांनी त्या सजविल्या. पुढे भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलेचा शोध घेत फिरणाऱ्या मंडळींना हे घर दिसले. सोनाबाईंना १९८३ साली राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि १९८६ साली मध्य प्रदेश शासनाचा तुलसी सन्मान मिळाला. २००७ साली त्या निवर्तल्या. त्यांनी घर सजविले ते पाहुण्यांसाठी नव्हे, पुरस्कारासाठी तर नव्हेच. जिथे दिवस काढावयाचे आहेत ती जागा राहण्याजोगी असावी, एवढ्यासाठीच ते सारे होते. गृहसजावटीचा याहून खरा हेतू सांगता येणार नाही.

रायपूर शहरात मात्र मातीच्या जोडीला चुना फार पूर्वीच आला होता. येथील कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळचा १४०२ सालचा शिलालेख खारून नदीच्या काठच्या हाटकेश्वराच्या देवळाचा उल्लेख करतो. सतराव्या शतकात राजा जैतसिंगाने दूधाधारी मठ बांधविला. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची फौज छत्तीसगडात शिरली, आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजीराजांचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यांच्या दरबारात मराठी भाषा व मोडी लिपी रूढ झाली, आणि दसऱ्याला सोने लुटण्याची चालही त्यांनीच तिकडे नेली असे सांगतात. दूधाधारी मठाच्या भिंतींवरील चित्रे भोसलेकालीन म्हणून प्रसिद्ध आहेत. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने राज्यकारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो कायमचा इंग्रजांकडे गेला. राज्य गेले, पण कारकुनी, वकिली, शिक्षकी करणारी मराठी कुटुंबे राहिली. तात्यापारा हे रायपुरातील वस्तीचे नावच त्यांची साक्ष देते. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच मराठी परंपरेतले. १९३५ साली इथे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या घरांत देवघर, माजघर आणि ओटी आली, आणि दिवाळीपूर्वीची रंगसफेदीही आली.

ही सफेदी म्हणजे चुना. रायपूरचा सारा परिसर चुनखडकावर बसलेला आहे. एक अब्ज वर्षांहूनही जुन्या अशा एका उथळ समुद्राच्या तळाशी हे थर साचले. हा खडक सुमारे नऊशे अंश उष्णतेच्या भट्टीत भाजला की त्यातील कार्बनवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो खदखदून फुलतो. ती निवळी भिंतीवर मारली की ती हवेतला तोच वायू पुन्हा शोषून घेते, आणि काही दिवसांत भिंतीवर खडकाचाच एक पातळ पापुद्रा तयार होतो. म्हणजे चुन्याचा हात देणे हे एका अर्थी भिंतीवर दगड परत जमविणेच होय. ताजी सफेदी अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार पंचमांश परत फेकते. शिवाय चुना दाहक असल्यामुळे बुरशी, कीड यांना तो सहजासहजी थारा देत नाही. पटकी, देवीच्या साथीनंतर घर चुन्याने पोतण्याची जी चाल होती तिच्यामागे अनुभवाचे बळ होते.

पण चुन्याला हिरवा करावयाचा कसा? इथे रंगकामाची एक जुनी अडचण उभी राहते. चुन्याचा दाहकपणा पुष्कळ रंगांना खाऊन टाकतो. पाल्याचा रस त्यात टिकत नाही. चित्रकारांची जुनी युक्ती निळीत हरताळ मिसळून हिरवा करण्याची; पण हरताळ महाग आणि तो सोमलाचा भाऊ. पोथीतील चुकीच्या अक्षरांवर हा पिवळा रंग फासत, म्हणून तर 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार मराठीत आला. तांब्यावर चढणारा जंगाल हिरवा खरा, पण चित्रांत तो कालांतराने कागदच खाऊन टाकतो. सोपा मार्ग होता तो मोरचुदाचा. चुन्याच्या निवळीत मोरचुदाचे पाणी घातले की त्यातील तांबे चुन्याशी संयोग पावून आकाशी रंगाचा साका धरते, आणि हवेने त्यात हळूहळू हिरवी झाक येते. कोकणातील सुपारीबागायतदाराला आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे मिश्रण वेगळ्या नावाने परिचित आहे. १८८५ साली फ्रान्समधील बोर्डो येथे मियार्दे या शास्त्रज्ञाने द्राक्षवेलींच्या रोगावर जे औषध जाहीर केले, ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुनाच. तेव्हा मोरचूद घातलेली भिंत नुसती हिरवट दिसत नाही, ती बुरशीलाही दूर ठेवते. दमट भिंतीच्या घरासाठी हा गुण थोडा नव्हे.

हिरव्या रंगाचा पुढचा अध्याय मात्र भयानक आहे, आणि तो युरोपात घडला. १७७५ साली कार्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून एक झळझळीत हिरवा रंग तयार केला. १८१४ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहूनही तेजस्वी असा दुसरा सोमली हिरवा निघाला. ज्या लोकांनी आजवर मातीचे मळकट हिरवे पाहिले होते त्यांना या रंगाने वेड लावले. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत वसंताची आठवण देणारा हा रंग स्वस्त होता. तो कागदावर छापून भिंतींवर चिकटविला गेला, मेणबत्त्यांत, खेळण्यांत, कापडात, कृत्रिम फुलांत शिरला. १८३९ सालीच ग्मेलिन या जर्मन रसायनज्ञाने इशारा दिला होता, की असा कागद लावलेल्या ओलसर खोलीत उंदरासारखा वास येतो आणि ती हवा घातक असावी. कोणी फारसे ऐकले नाही. १८६२ साली लंडनच्या लाइमहाऊस भागात एकाच घरातील लहान मुले एकामागून एक दगावली. घशाचा रोग म्हणून प्रथम त्याकडे पाहिले गेले. पण उपचार करणाऱ्या डॉक्टराचे लक्ष अखेर त्या खोलीतील हिरव्या कागदाकडे वळले.

सोमल भिंतीवरून माणसाच्या शरीरात जातो कसा, यावर दीर्घ काळ वाद चालला. १८९० नंतरच्या काही वर्षांत बार्तोलोमिओ गोसिओ या इटालियन वैद्याने दाखवून दिले, की ओलसर खळीवर वाढणारी एक बुरशी सोमली रंगातून वायू निर्माण करते; त्या वायूचे नेमके स्वरूप १९३३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चॅलेंजर यांनी निश्चित केले. हा वायू किती मारक होता याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. कागदावरून झडणारी भुकटी हेच मुख्य कारण असावे असेही मत आहे. परंतु ती खोली विषारी होती याविषयी दुमत राहिले नाही. नवलाची गोष्ट अशी, की निसर्गाच्या साधेपणाचा पुरस्कार करणारे कलावंत विल्यम मॉरिस यांच्या कारखान्यातील काही कागदांतही हा सोमली रंग होता, आणि सोमल काढणाऱ्या एका खाणकंपनीचे ते काही काळ संचालकही होते. वाढत्या लोकमतापुढे त्यांनीही सोमलमुक्त कागद काढले. इंग्लंडात अशा कागदांवर बंदी घालणारा कायदा झाला नाही. गिऱ्हाइकांनीच त्यांच्याकडे पाठ फिरविली. घर सजविणाऱ्याने दुकानदाराला 'यात काय आहे?' असा प्रश्न विचारण्याची पद्धत तिथून सुरू झाली असे म्हणता येईल.

रायपुरास कारखान्याचे रंग पोहोचण्याची वाट रेल्वेने मोकळी केली. नागपूर ते राजनांदगाव ही मीटर मापाची लोहवाट १८८२ पर्यंत पुरी झाली होती. बंगाल नागपूर रेल्वेने ती हाती घेऊन रुंद केली, पुढे नेली, आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल हा मार्ग रायपूरवरून सुरू झाला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन्ही बंदरे आता जवळ आली. या मार्गाने येणाऱ्या कारखानी मालाबरोबर हिरव्याचाही एक नवा प्रकार देशभर पसरला. १७९७ साली व्होकलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्रोमियम धातूचा शोध लावला होता. त्यापासून पिवळा क्रोम झाला, आणि तो बर्लिनच्या निळ्यात मिसळून स्वस्त क्रोम हिरवा तयार झाला. सोमल टळला, पण दोन दोष राहिले. पहिला दोष असा, की हे दोन्ही घटक चुन्यात टिकत नाहीत. निळा गंजासारखा तपकिरी होतो, पिवळा नारिंगी होतो, आणि हौसेने दिलेली हिरवी भिंत वर्षभरात शेवाळलेल्या विटेसारखी दिसू लागते. म्हणून हा रंग चुन्यात न घालता तेलात घोटून दारे, खिडक्या, कठडे आणि भिंतीचा खालचा पट्टा यांना दिला जाई. रेल्वेची प्रतीक्षालये, शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांतील खाली गडद हिरवा आणि वर फिकट असा पट्टा कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर. पिवळा क्रोम म्हणजे शिशाचा क्षार. आणि तेलरंगाचा पांढरा घटक सफेता, तोही शिशाचाच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड या कडक उन्हाच्या प्रांतात १९०४ साली डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी दाखवून दिले, की घरांच्या व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंग उन्हाने भुकटी होऊन सुटतो, तो मुलांच्या हाताला लागतो, हात तोंडात जातात, आणि मुलांना शिसे बाधते. रायपूरच्या उन्हात याहून वेगळे काय घडणार? १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घराच्या आतील रंगकामात सफेत्याचा वापर रोखणारा करार केला. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात नव्वद भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. गिब्सन यांच्या इशाऱ्यापासून या दिवसापर्यंत एकशेतेरा वर्षे गेली. जुन्या घरातील दार घासून रंगविताना ती भुकटी ओली करूनच काढावी आणि मुलांना दूर ठेवावे, हे सांगण्याची गरज अद्याप संपलेली नाही.

याच काळात फिकट हिरव्याला एक नवी प्रतिष्ठा लाभत होती. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक रुग्णालयात हॅरी शर्मन या शस्त्रवैद्याने शस्त्रक्रियेच्या दालनाच्या पांढऱ्या भिंती हिरव्या करविल्या. रक्ताच्या लाल रंगाकडे टक लावून पाहणाऱ्या डोळ्याने पांढऱ्या भिंतीकडे पाहिले, की तिथे लाल रंगाची पूरक अशी हिरवट छाया तरळते आणि दृष्टीला अडथळा होतो. भिंतच हिरवी असली तर ती छाया तीत विरून जाते आणि डोळा विसावतो. पुढे रुग्णालयांतून हा रंग शाळांत आणि कचेऱ्यांत गेला. ज्या रंगाने एके काळी मुलांचे प्राण घेतले होते, तोच रंग आता आरोग्याची खूण ठरला. रंग बिचारा तोच. बदलले होते ते त्याच्या पोटातील द्रव्य आणि माणसाचे ज्ञान.

स्वातंत्र्यानंतर रायपूरच्या परिसराचे रूप पालटले. १९५५ साली रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी रायपूरहून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भिलाईभोवती पक्क्या घरांची सबंध नगरी उभी राहिली. ज्या चुनखडकापासून पूर्वी सफेदी निघे, तोच आता पोलादाच्या भट्टीत आणि सिमेंटच्या कारखान्यांत जाऊ लागला. आज बलौदाबाजारचा टापू सिमेंटसाठीच ओळखला जातो. मातीच्या भिंतीची जागा सिमेंटने घेतली, आणि सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीला छुही नको होती, डिस्टेंपर हवे होते. डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी, डिंक किंवा सरस आणि थोडा रंग. हात पुसला तर हाताला लागणारे, पण स्वस्त. आणि त्याच्या थोडक्या छटांत फिकट हिरवा हमखास असे.

मुंबईतही एक घडामोड झाली होती. १९४२ साली, महायुद्धामुळे परदेशी रंगांची आवक आटली असता, गिरगावातील गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी काढली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी रेखाटलेला हातात डबा-कुंचला घेतलेला गट्टू नावाचा खोडकर मुलगा घराघरांत ओळखीचा झाला. १९४६ साली तिरुअनंतपुरम येथे टायटॅनियमचा कारखाना स्थापन झाला. केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूपासून निघणाऱ्या या निर्विष पांढऱ्याने सफेत्याची जागा घेतली. आजच्या फिकट हिरव्या रंगाच्या डब्यात पुष्कळसा भाग या टायटॅनियम पांढऱ्याचा असतो आणि हिरवा थेंबभरच. तो बहुधा १९३० नंतरच्या दशकात सापडलेल्या, तांब्याचाच अंश असलेल्या पण चुन्याला आणि उन्हाला दाद न देणाऱ्या नव्या रंगद्रव्याचा. १९४८ साली अमेरिकेत निघालेल्या पाण्यात मिसळणाऱ्या रबरी रंगांपासून आजच्या इमल्शनचा वंश सुरू होतो. आता भिंत ओल्या फडक्याने पुसता येते आणि कित्येक वर्षे तीच राहते.

या सोयीची किंमत अगदीच नाही असे नव्हे. मातीची आणि चुन्याची भिंत दमटपणा शोषते आणि सोडते. नव्या रंगाच्या पापुद्र्याखाली ओल कोंडली तर ती फुगवट्याच्या रूपाने बाहेर येते. जुन्या चुन्याच्या घरावर इमल्शन देणाऱ्यांना हा अनुभव पावसाळ्यात येतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. छुहीचा हात घरची बाई देत असे. त्यात तिचे कष्ट होते, पण भिंतीवर काय उमटावे हा निर्णयही तिचाच होता. आज कष्ट रंगाऱ्याचे आणि निवड छटांच्या पुस्तकातली. पाठ मोडणारे ते काम संपले याचा खेद कोणी करू नये; परंतु त्याबरोबर भिंतीशी असलेले हाताचे नातेही तुटले, हे विसरूही नये.

या नात्याला रायपुरात अलीकडे एक अनपेक्षित वळण मिळाले. २० जुलै २०२०, नेमका हरेलीचा दिवस. त्या दिवशी छत्तीसगड शासनाने शेतकऱ्यांकडून आणि गुराख्यांकडून शेण दोन रुपये किलो दराने विकत घेण्याची योजना सुरू केली. पुढच्याच जानेवारीत, जयपूरच्या कुमारप्पा हातकागद संस्थेत विकसित झालेला शेणापासूनचा भिंतीचा रंग खादी आयोगाने बाजारात आणला. शेणातील तंतुमय द्रव्य शुद्ध करून, ते इतर घटकांना बांधून ठेवणारे द्रव्य म्हणून वापरावयाचे, ही त्यातील कल्पना. त्याच धर्तीवर २०२२ साली रायपूरच्या हीरापूर-जरवाय येथील गोठाणात महिलांच्या बचतगटाने असा रंग तयार करण्यास आरंभ केला, आणि सरकारी इमारतींना तो देण्याचे आदेशही निघाले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले आणि त्या योजनेचा जोर ओसरला. सरकारी योजनांचे आयुष्य तेवढेच असते. पण ज्या शेणाने हरेलीला घराचे रक्षण करण्यासाठी भिंतीवर रेघा ओढल्या जात, तेच शेण डब्यात भरून, त्यात धानी छटा घालून पुन्हा भिंतीवर येते आणि ते काम करणारे हात पुन्हा बायकांचेच असतात, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे.

एक शांत रंग भिंतीला देणे ही संसारातील अगदी लहान गोष्ट होय. त्या रंगासाठी कोणी खडक भाजला, कोणी पाला वाटला, कोणाच्या मुलांनी प्राण गमावले आणि कोणी आयुष्यभर प्रयोग केले, तेव्हा कुठे तो निरुपद्रवी झाला. भिंत सुंदर दिसते की नाही हे पाहुणा पाहतो. ती भिंत निर्मळ आहे की नाही याची परीक्षा मात्र तिच्याजवळ खेळणारे मूल आणि तिच्याशेजारी रात्र काढणारा आजारी माणूस यांच्या श्वासांत होते. सोनाबाईंच्या मातीच्या जाळीतून येणारा कवडसा, दूधाधारी मठातील भोसलेकालीन भिंत आणि तात्यापाऱ्यातील एखाद्या घराची नवी धानी खोली या तिन्हींमागे एकच साधी इच्छा आहे: बाहेर वैशाख पेटलेला असावा, आणि आत पाऊल टाकताच डोळ्यांना भाद्रपदातले शेत दिसावे.